खजुरीला आळं करू नका

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. २७ वर्षं ओमानमध्ये नोकरी केली, त्यातली शेवटची बरीचशी बरका गावात. दोन वर्षांपूर्वी गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचा परत आलो. बरक्यात रोज खजुरीच्या सावलीत गाडी लावायचो, सवय झाली होती. म्हणून इथे खळ्यात तीन झाडं लावली: कच्छहून मागवलेली बरही जातीची टिश्यू कल्चरची दोन रोपं आणि एका नर्सरीतून ट्रकने आणलेलं आठ फुटी मोठं झाड. लावली मे महिन्यात. ओमानमध्ये असतात तशी गोल आळी केली. मोठं झाड वाऱ्याने पडू नये म्हणून बुंध्याशी फूट-दीड फूट माती जास्त चढवली. त्याच्या झावळ्या सुतळीने वर बांधलेल्या होत्या, त्या तीन-चार महिने सोडू नका असं सांगितलं होतं, म्हणून सोडल्या नाहीत. लहान रोपांवर पावसाळ्यात प्लास्टिकचं खोपटं घातलं. गणपतीत पाहिलं तर मोठ्या झाडाचा मधला कोंब हात लावताच उपसून आला, त्याला कुजका वास होता. लहान रोपांच्या पानांवर काळे खरखरीत दाणे आहेत. कोणी म्हणतं मीठ घाला, कोणी म्हणतं हे झाड कोकणात जगायचंच नाही. आणखी एक झाड आहे, मी परत यायच्या आधी मुलीने खजुराची बी टाकली होती ती गडग्याच्या कडेला रुजली. त्याला आम्ही काहीच केलं नाही, ते मात्र छान आहे. मोठं झाड वाचेल का? फळ मिळेल का? दुसरं काय लावता येईल? आणि दमट हवा तर मस्कतलाही असते, मग ती इथेच का नडते?

उत्तर

दादा, नमस्कार.

गडग्याकडेच्या झाडाला काहीच केलं नाही आणि तेच छान आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते. एकदा त्या झाडापाशी जाऊन बसा. गडगा जांभ्या दगडाचा, सुका रचलेला असणार. पडलेलं पाणी फटींमधून पलीकडच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहान शेतात, उतरून जात असणार. सकाळपासून ऊन, अंगावर वारा, आणि बुंध्यावर कोणी माती चढवलेली नाही. बी जिथे पडली तिथेच रुजली, म्हणून मुळांना कधी धक्का लागला नाही आणि झाड जितकं खोल असायला हवं तितकंच खोल बसलं. खळ्यातल्या तिन्ही झाडांना यातलं काहीही मिळालं नाही. पाऊस मात्र चौघांवर सारखाच पडला.

म्हणून "कोकणात जगायचंच नाही" हे मला मान्य नाही. खजुरी इथे जगते, वाढते, चांगली दिसते. फळाची गोष्ट वेगळी, तिच्याकडे नंतर येते.

आधी त्या आळ्याबद्दल, कारण सगळं बिघडलं ते तिथून. तुम्ही ओमानमध्ये जे पाहिलंत ते बरोबरच पाहिलंत. फलजाचं, म्हणजे तिथल्या पारंपरिक कालव्याचं, पाणी पाटाने येतं, खजुरीच्या वाफ्यात भरतं, झाड घोटाभर पाण्यात उभं राहतं. खजुरीचे पाय पाण्यात आणि डोकं आगीत हवं, अशी अरबांची म्हणच आहे. इराकात बसऱ्याकडे शत्त अल-अरबच्या काठच्या खजुरींना तर भरतीचं पाणी दिवसातून दोनदा चरांमधून मिळायचं. पण ही सगळी पाणी येऊन जाण्याची उदाहरणं आहेत. बरक्याच्या रेताड जमिनीत भरलेला वाफा काही वेळात कोरडा होतो, पाणी खाली गेलं की त्याच्या मागोमाग मातीत हवा शिरते आणि मुळं श्वास घेतात. भरतीचं पाणीही ओहोटीला निघून जातं. आपल्याकडे खळ्याखाली बहुतेक ठिकाणी वीत-दोन वीत माती आणि खाली कातळ. त्यात खड्डा काढला, भोवती आळं केलं, की कातळात कोरलेली बादली तयार होते. मस्कतला वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही दोन-चार दिवसांत. आपल्या किनारपट्टीवर ३००० मिलिमीटर, जेमतेम चार महिन्यांत. ती बादली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भरली ती अजून पुरती रिकामी झालेली नसेल.

खात्री करायची असेल तर झाडापासून चार हात लांब दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसलं, तर त्या जागी खड्ड्यात काहीही लावू नका. तळाशी खडी टाकली की निचरा होतो असं बरेच जण सांगतात. कातळातल्या खड्ड्यात तसं होत नाही. पाण्याला बाहेर जायला वाटच नसेल, तर खडी असो की वाळू, ते तिथेच थांबणार.

आता तुमचा मस्कतच्या दमटपणाचा प्रश्न. मला तो फार आवडला, कारण "वाळवंटी झाड, दमट हवा सोसत नाही" एवढं सांगून सगळे मोकळे होतात. बातिनाचा, म्हणजे तुमच्या बरक्याकडचा, किनारा जून-जुलैत किती घामट असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, आणि तरी तिथे खजुरीच्या रांगा आहेत. हवेतली वाफ झाडाला फारशी मारत नाही. मारतो तो पानांवर, पोंग्यात (शेंड्याच्या न उघडलेल्या कोवळ्या पानांत) आणि मुळांशी आठवडेच्या आठवडे टिकणारा ओलावा. बरक्यात पहाटे दव पडलं तरी नऊ वाजता पान कोरडं होतं. आषाढात आपल्याकडे दहा-दहा दिवस पान कोरडं होत नाही, आणि बुरशीला नेमकं तेवढंच हवं असतं. ओमानमधलंच उदाहरण घ्या. तुम्ही खरीफच्या, म्हणजे तिथल्या पावसाळी धुक्याच्या, दिवसांत दक्षिणेकडच्या सलालाहला गेला असाल. तिथे पाऊस मोजला तर थोडाच, पण जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत धुकं आणि भुरभुर. म्हणून त्या किनाऱ्यावर काय दिसतं? नारळ, केळी, पपई. आपली वाडीच. त्याच देशात, तीच माणसं, पण खजुरीचा पसारा उत्तरेला आणि आतल्या कोरड्या भागात. तुमचं खळं सलालाहच्या बाजूचं आहे हे धरून चाललात, की पुढचं सगळं सोपं होईल.

मोठ्या झाडाकडे येते. मन थोडं घट्ट करून वाचा. ताड, माड, पोफळ, खजुरी या साऱ्या जातींना शेंड्यात एकच वाढणारा डोळा असतो. आंब्याची फांदी मेली तर दुसरी फुटते, यांना तशी सोय नाही. मधला कोंब उपसून आला आणि तळाशी घाण वास आला म्हणजे कोंब कुजला आहे, माडाला होतो तोच प्रकार. कारणं तुमच्या पत्रातच आहेत. मे महिन्यात लावल्यामुळे तुटलेल्या मुळांना नवी फुटायला वेळ मिळाला नाही. बुंधा दीड फूट पुरला, त्यामुळे उरलीसुरली मुळंही हवेपासून तुटली. आणि झावळ्या बांधलेल्या राहिल्या. झावळ्या बांधून ठेवायची पद्धत कोरड्या मुलखातली आहे, तिथे ती उपयोगी आहे, कारण त्यामुळे पानांतून पाणी कमी उडतं. पण आपल्या पावसात बांधलेल्या झावळ्यांचा पुडका म्हणजे वरून भरणारं नरसाळं. चार महिने ते पाणी कोंबात राहिलं. तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी त्यांच्या अनुभवाचं सांगितलं असेल, पण तो अनुभव इथल्या आषाढाचा नव्हता.

तरीही झाड आज उपटू नका. सुतळी आजच्या आज कापा. धारदार कोयतीने मधली कुजलेली, पिवळी-तपकिरी, मऊ झालेली पानं एकेक करून काढा, जोपर्यंत आत पांढरा, कडक गाभा लागत नाही तोपर्यंत. गाभा लागला तर आशा आहे. काढलेला कुजका भाग खताच्या खड्ड्यात टाकू नका, जाळा. मग बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बुरशीनाशक, ओता. बाजारात तयार कॉपर ऑक्सिक्लोराइड मिळतं, तेही चालेल, पण बोर्डो घरी केलेलं ताजं असतं आणि पावसात जास्त टिकतं, म्हणून मी तेच करते.

कृती नीट सांगते, कारण यात लोक चुकतात. १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं अजिबात नको. मोरचुदाची फडक्यात पुरचुंडी बांधून रात्रभर पाण्यात लोंबकळत ठेवलीत की सकाळपर्यंत विरघळते. दुसऱ्या बादलीत १०० ग्रॅम कळीचा चुना आधी थोड्या पाण्यात फोडायचा, मग पाच लिटर करून गाळून घ्यायचा. नंतर निळं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतायचं आणि काठीने ढवळत राहायचं, उलट ओतायचं नाही. आकाशी रंगाचं, दह्याच्या निवळीसारखं दिसणारं मिश्रण तयार होतं. त्यात घासून लखलखीत केलेली सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस लेप चढला तर मोरचूद मोकळं राहिलं आहे, आणखी चुना घाला आणि परत सुरी बुडवा. पातं जसंच्या तसं निघालं की मिश्रण तयार. त्याच दिवशी वापरून संपवायचं. मोठ्या झाडाच्या पोंग्यात तांब्याभर ओता, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा एकदा. त्याहून जास्त वेळा नको, तांबं साठतं.

त्यानंतर बुंध्याभोवतीची वाढीव माती काढा. जिथे मुळांचे जुने खुंट दिसू लागतील तिथे थांबा, ती झाडाची मूळ पातळी. आळं मोडा आणि एका बाजूने चर काढून पाणी खळ्याबाहेर उतरवा. वाऱ्याची भीती असेल तर तीन बांबूंचा तिकाटा लावा, दोर बांधताना मध्ये गोणपाट ठेवा, बुंध्यात खिळा मारू नका. आणि होळीपर्यंत वाट पाहा. शेंड्यातून आखूड, वेडंवाकडं का होईना पण हिरवं पान आलं तर झाड वाचलं. पहिली दोन-तीन पानं कापल्यासारखी येतात, घाबरायचं कारण नाही. काहीच आलं नाही तर बुंध्याशी पिल्लू फुटतंय का ते बघा, खजुरीला ती सवय आहे. तेही नसेल तर मात्र झाड काढा आणि जाळा. मेलेलं खजुरीचं खोड वाडीत ठेवू नका, का ते पुढे सांगते.

लहान रोपांवरचे काळे दाणे. एक पान घेऊन उन्हात धरा, जमलं तर भिंग घ्या. टाचणीच्या डोक्याएवढे काळे, टणक फोड दिसतील, बोट फिरवलं तर सुपारीच्या किसणीसारखे लागतील. काहींच्या तोंडातून फिकट पिवळे, केसांसारखे तंतू बाहेर आलेले असतील आणि बोटाला पिवळी पूड लागेल. ही ग्राफिओला नावाची बुरशी. खजुरीच्या कुळातल्या झाडांना दमट मुलखात ती होतेच, फ्लोरिडातही होते. लागण झाल्यावर दाणे दिसायला कित्येक महिने जातात, त्यामुळे ती खालच्या जुन्या पानांवर दिसते, नव्यावर नाही. तिने झाड मरत नाही. तुमच्या प्लास्टिकच्या खोपटाने तिला उबदार, वारा नसलेली खोली मिळाली एवढंच. खोपटं काढून टाका. पुढच्या पावसाळ्यात काही घालायचंच असेल तर चार खांबांवर उंच पत्रा, चारही बाजू उघड्या. फार खराब झालेली अगदी खालची एक-दोन पानं काढा, बाकीच्यांवर दोन्ही बाजूंनी बोर्डो फवारा. पान अर्धं हिरवं असेल तर ठेवा, रोपाकडे आहेच किती पानं?

याच पानांवर आणखी एक गोष्ट पाहा. खालच्या पानांच्या कडेला लिंबासारखा पिवळा पट्टा आणि मधली शीर हिरवी, असं असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. जुन्या पानांवर नारिंगी ठिपके आणि टोकं वाळलेली असतील तर पालाश कमी. आपल्या जांभ्या मातीतून ही दोन्ही पावसाबरोबर धुऊन जातात. पाऊस ओसरला की माडाला देता तशी पोटॅशची मात्रा, रोपाला मूठभरच, दिवाळीच्या सुमारास एकदा आणि फेब्रुवारीत एकदा. सोबत मॅग्नेशियम सल्फेट. चुलीची राख असेल तर तीही बुंध्यापासून लांब पसरा. युरिया पावसाच्या तोंडावर देऊ नका, त्याने येणारी लुसलुशीत वाढ पहिल्यांदा कुजते. मिठाचं म्हणाल तर खजुरी खारं पाणी इतर फळझाडांपेक्षा जास्त सोसते हे खरं, पण सोसते म्हणजे तिला हवं असतं असं नाही. घालू नका.

ही दोन रोपं वाचतील. पण ती त्या जागेवरून उचला, आणि आत्ताच उचला. नवरात्र ते दिवाळी हा आपल्याकडे या झाडांच्या लागवडीचा खरा काळ. ऑक्टोबरच्या उन्हात माती उबदार असते, पाऊस गेलेला असतो आणि पुढच्या जूनपर्यंत सात-आठ महिने मिळतात. मे महिन्यात लावलेलं रोप जेमतेम डोळे उघडतं तोवर पाऊस कोसळतो.

नवी जागा निवडताना खळं विसरा. तुमच्या अंगणावर माडा-पोफळींची सावली असेल, ती केळीला चांगली, खजुरीला नाही. घराच्या पश्चिमेला किंवा सड्याच्या (उघड्या कातळाच्या माळाच्या) बाजूला उघडी, वाऱ्याची, थोडी उताराची जागा बघा. तिथे खड्डा काढूच नका, ढीग घाला. अडीच-तीन फूट उंच, आठ ते दहा फूट रुंद, माथा थोडा सपाट. माती एक भाग, चिऱ्याचे तुकडे आणि जांभ्याचा भरड चुरा एक भाग, नदीची जाड वाळू एक भाग. शेणखत अगदी जुनं, चहासारखं भुरभुरीत झालेलं, फार तर पाटीभर. हे सगळं एकत्र कालवून घाला, थर करू नका. थर केले की पाणी एका थराच्या सीमेवर अडतं. ढिगाला खालून चिऱ्यांची एक रांग सुकी लावा, म्हणजे पावसात कडा ढासळणार नाहीत. तुम्ही तुमच्याच हाताने गडग्याची कड तयार करताय असं समजा. रोप पिशवीत होतं त्याच पातळीवर बसवा, बोटभर वर राहिलं तरी चालेल, खाली मात्र नको. पहिला महिना दिवसाआड पाणी, मग आठवड्यातून दोनदा, आणि मे महिन्याच्या मध्यापासून कमी करत न्या.

हे मी एवढं ठासून लिहितेय कारण मी हे नुकसान सोसून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाचा जाड बुंध्याचा वॉशिंग्टोनिया पाम हौसेने आणला. दोन फुटांचा खड्डा, त्यात गांडूळखत, पालापाचोळा, जे जे चांगलं ते सगळं घातलं. जुलैच्या अखेरीस एका सकाळी झाड तिरकं दिसलं. सरळ करायला हात लावला तर ते माझ्या हातात आलं. खाली मुळं नव्हतीच, काळा लगदा होता, आणि खड्ड्यात हात घातला तर मनगटापर्यंत गार पाणी. ते झाड मी प्रेमाने बुडवलं होतं. त्यानंतर आमच्याकडे लावलेला प्रत्येक वाळवंटी पाम ढिगावर आहे.

आता भुंगे. तुमची वाडी माडांची आहे, म्हणून याची काळजी जास्त. गेंडा भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो आणि शेंड्यात घुसून पानं कुरतडतो, उघडलेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखा त्रिकोण दिसतो. तो माडालाही करतो हे तुम्हाला माहीतच आहे. पण खजुरीचा खरा शत्रू लाल सोंड्या भुंगा. हा मूळचा आपल्याकडचा, दक्षिण आणि आग्नेय आशियातला. १९८० च्या दशकाच्या मध्यात तो आखातात पोचला आणि तिथल्या खजुरीच्या बागांची त्याने दैना केली. ओमानमध्ये शेतखात्याचे लोक बुंधे तपासत फिरताना तुम्ही पाहिले असतील, ते याच्यासाठीच. म्हणजे तुम्ही खजुरी त्याच्या माहेरी आणली आहे. ताज्या जखमेच्या वासावर तो येतो. म्हणून पावसाळ्यात झावळी तोडायची नाही, पिल्लू काढायचं नाही. जे कापायचं ते थंडीत, आणि कापलेल्या जागी लगेच बोर्डोची घट्ट पेस्ट. बुंध्यातून तपकिरी चिकट पाणी गळताना दिसलं, चावलेला भुसा बाहेर आला, किंवा बुंध्याला कान लावल्यावर आत करकर ऐकू आली, तर तो आत आहे. लवकर कळलं तर झाड वाचतं, म्हणून महिन्यातून एकदा कान लावायची सवय करा. मेलेलं खोड ठेवू नका म्हटलं ते यासाठी. अशा मरत्या, कुजणाऱ्या खोडात हे भुंगे वाढतात आणि मग शेजाऱ्याच्या माडावर जातात.

फळ. इथे मी तुम्हाला गोड बोलून आशा लावणार नाही. तुम्हाला किमरी, खलाल, रुतब, तमर हे शब्द पाठ असतील. हिरवं, मग पिवळं किंवा लाल कडक, मग मऊ, मग सुकलेलं. रुतब आणि तमर व्हायला कोरडी, तापलेली हवा सलग लागते. कच्छमध्ये वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस, तरीसुद्धा तिथले शेतकरी रुतबची वाट पाहत नाहीत. जून-जुलैत पावसाच्या तोंडावर खलाल अवस्थेतच घड उतरवतात. बरही त्यासाठीच तिकडे लोकप्रिय झाली, कारण ती पिवळी कडक असतानाच गोड लागते, तोंडाला तुरटपणा येत नाही. त्या फळाला ते खारेक म्हणतात, आपण खारीक म्हणतो ती वाळलेली. मुंबई-पुण्याच्या बाजारात जुलैत दिसणारे पिवळे घड तेच. २०२४ मध्ये कच्छी खारकेला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता तुमचा हिशेब करा. फुलोरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, फळ पिवळं व्हायला जूनअखेर उजाडणार, आणि पाऊस ७-८ जूनला दारात. भिजलेलं फळ फुटतं, आंबतं, गळतं. घडावर पिशवी बांधली तरी आतल्या दमटपणाने बुरशी येते. एखाद्या वर्षी पाऊस लांबला तर मूठभर पिवळी बरही चाखायला मिळेलही, पण त्यावर भिस्त ठेवून झाड लावू नये. खायच्या खजुरासाठीच झाड हवं असेल तर घाटावरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, आटपाडी-माणच्या बाजूला कोणी नातेवाईक असतील त्यांना लावायला सांगा. त्यांनी आधी कच्छमधल्या मुंद्र्याचं खजूर संशोधन केंद्र पाहून यावं.

पण तुम्ही पत्रात फळाच्या आधी सावलीबद्दल लिहिलं आहे. गाडी लावायची ती सावली. ती तुम्हाला मिळेल.

दुसरं काय लावाल? सगळ्यात आधी शिंदी. नाक मुरडू नका. आपल्याकडे शिंदी म्हटलं की लोकांना दारू आठवते आणि झाड हलकं ठरतं, याचं मला फार वाईट वाटतं. शिंदी ही खजुरीची सख्खी बहीण, एकाच कुळातली. तीच निळसर राखाडी झावळ्यांची झुपकेदार छत्री, बुंध्यावर तीच चौकटीची नक्षी, आणि हजारो वर्षं आपल्या पावसात वाढल्यामुळे या हवेची सवय. उन्हाळ्याच्या शेवटी नारिंगी फळांचे घड लागतात, गर पातळ असतो पण मुलं आणि पाखरं सोडत नाहीत. फ्लोरिडासारख्या दमट, पावसाळी मुलखात बंगल्यांपुढे आज ही शिंदी हौसेने लावतात, सिल्व्हेस्टर पाम म्हणून चांगल्या किमतीला विकली जाते. आणि आपण ती बांधावरून तोडतो. बरक्याची आठवण डोळ्यांना हवी असेल, तर दहा पावलांवरून शिंदी आणि खजुरी वेगळ्या ओळखू येत नाहीत. फक्त झावळीच्या तळाचे काटे जपा, फार लागतात.

दुसरा बिस्मार्किया पाम, मादागास्करचा, रुपेरी पंख्यासारख्या पानांचा. त्याला कोरडा आणि पावसाळी असे दोन्ही ऋतू माहीत आहेत, त्यामुळे ढिगावर आपल्याकडे उत्तम येतो. लहानच घ्या आणि एकदाच लावा, मुळं दुखावलेली त्याला चालत नाहीत. जागा भरपूर लागते, पसारा वीस फुटांचा होतो. वॉशिंग्टोनिया घ्यायचा असेल तर मेक्सिकोचा, सडपातळ बुंध्याचा, तो दमट हवेत टिकतो. कॅलिफोर्नियाच्या जाड बुंध्याच्या भावाचं काय होतं ते वर सांगितलंच. कॅनरी बेटांची खजुरी नर्सरीत फार देखणी दिसते, पण आपल्या गरम, ओल्या रात्री तिला मानवत नाहीत. तिच्यात पैसे घालू नका.

गडग्याकडेचं झाड मात्र हलवायचं मनात आणू नका. खळ्यात शोभेल असं वाटेल, वहिनीही कदाचित म्हणतील. ते आहे तिथेच राहू दे, त्याला आळंही नको. बीचं झाड नर निघेल की मादी हे आधी कळत नाही, निम्मी शक्यता. आणखी दोन-चार वर्षांत फेब्रुवारीच्या सुमारास झावळ्यांच्या बेचक्यातून माडाला येते तशी पोय येईल. ती फुटली की एक लोंबी तोडून काळ्या कापडावर झटका. तांदळाच्या पिठीसारखी पांढरी पूड पडली तर नर. पिवळसर गोल मण्यांसारखी फुलं असतील आणि पूड नसेल तर मादी. नर निघाला तर त्याच्या ताज्या लोंब्या कागदात गुंडाळून सावलीत वाळवा. ढिगावरच्या बरहींना पहिली पोय येईल तेव्हा फुटल्यापासून दोन-तीन दिवसांत त्यातल्या दोन-तीन लोंब्या मादीच्या पोयीत उलट्या खोचून सैलसर बांधा. तुम्ही ओमानमध्ये माणसं झाडावर चढून हेच करताना पाहिली असणार.